किंमत, पाने आणि दारापर्यंतची वाट : ‘सकाळ’ची वाढ वाचकाच्या बाजूने पाहताना

पहाटलाइन (धागाकर्ता)

माझ्या वडिलांकडे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी वृत्तपत्रांची एजन्सी होती. पहाटे साडेचारच्या सुमारास एसटीतून गठ्ठे उतरत, वडील सुतळी कापत, आम्ही भावंडे स्टँडच्या फरशीवर बसून मुख्य अंकात पुरवणी भरत असू आणि मग एकेका लाइनचे, म्हणजे वाटपाच्या ठरलेल्या वाटेचे, अंक मोजून ते मुलांच्या सायकलींवर चढवले जात. आमच्या भागात त्या सगळ्या गठ्ठ्यांत ‘सकाळ’चा गठ्ठा मोठा असे. त्यामुळे ही संस्था कशी वाढली, कोणकोणत्या प्रकाशनांत आणि माध्यमांत शिरली आणि त्या वाढीत वाचकाच्या पदरात काय पडले, हा विषय मला फार जवळचा वाटतो. त्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

डॉ. नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या गृहस्थांनी तिथली वृत्तपत्रे जवळून पाहिली होती. तेव्हाचे पुणे हे मतपत्रांचे शहर होते. ‘केसरी’ने घडवलेला वाचक अग्रलेखासाठी पत्र घेई आणि त्याच पत्रावरून त्याचा पक्षही ओळखला जाई. परुळेकरांनी त्या वाचकाला रोजच्या जगण्याच्या बातम्या दिल्या : नगरपालिकेचे पाणी, बाजारभाव, शाळा, आजूबाजूच्या तालुक्यांतल्या घडामोडी, आणि त्याही साध्या, आटोपशीर मराठीत. आज हे इतके सवयीचे झाले आहे की त्यात नवे ते काय होते, हे समजावून सांगावे लागते. तालुक्याचा वार्ताहर हा या पत्राचा कणा होता, आणि पुढे जिल्हावार आवृत्त्या निघाल्या त्या या कण्याच्या आधारावरच, असे माझे मत आहे.

परुळेकर १९७३ मध्ये गेले. १९८५ मध्ये कंपनीची सूत्रे पवार कुटुंबाकडे आली आणि वाढीचा वेग बदलला. कोल्हापूर, नाशिक आणि इतर ठिकाणच्या आवृत्त्या, ‘साप्ताहिक सकाळ’, गोव्यातला ‘गोमन्तक’, पुण्यातला इंग्रजी ‘महाराष्ट्र हेराल्ड’ आणि त्याचेच पुढे २००८ मध्ये झालेले ‘सकाळ टाइम्स’ हे रूप, २००५ मध्ये शेतकऱ्यांसाठी निघालेले ‘अ‍ॅग्रोवन’ हे स्वतंत्र दैनिक, ‘साम’ ही दूरचित्रवाहिनी, ‘ई-सकाळ’ हे संकेतस्थळ, राजकीय बातम्यांचे ‘सरकारनामा’ : एका चारसहा पानी पत्रातून एवढा पसारा उभा राहिला. यांतले काही टिकले, काही आटोपले. ‘सकाळ टाइम्स’ची छपाई २०२० मध्ये थांबली.

माझा प्रश्न असा आहे. नवे माध्यम आले की आपण तंत्रज्ञानाविषयी बोलू लागतो. मात्र वृत्तपत्र कंपनीचा हिशेब मुळात तीन गोष्टींचा असतो : अंकाची किंमत, पानांची संख्या आणि जाहिरातीचे उत्पन्न. यांतली एक हलली की उरलेल्या दोन हलतात. ‘सकाळ’च्याच इतिहासात हा हिशेब थेट सर्वोच्च न्यायालयात मांडला गेला होता. जाणकारांनी त्यावर लिहावे, आणि ज्यांनी या पत्रांबरोबर आयुष्य काढले त्यांनी आपला अनुभव सांगावा.

कलमवार

पहाटलाइन, धागा उत्तम. त्या खटल्याविषयी लिहितो, कारण कायद्याच्या वर्गात ‘सकाळ पेपर्स’ हे नाव प्रत्येक विद्यार्थी घोकतो, मात्र त्यामागे पुण्यातल्या एका पत्राचा रोजचा जमाखर्च होता हे फारसे कोणी सांगत नाही.

केंद्र सरकारने १९५६ मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. अमुक किमतीला आठवड्यात अमुकच पाने द्यायची, जास्त द्यायची असतील तर किंमत वाढवायची, पुरवण्यांनाही परवानगी लागणार, असे त्याचे स्वरूप होते. त्या वेळी ‘सकाळ’ आठवड्यातले पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार पाने, म्हणजे सहा दिवसांत चौतीस पाने, सात नव्या पैशांना देत असे. रविवारचा दहा पानी अंक बारा नव्या पैशांना मिळे. खप बावन्न हजारांच्या आसपास होता आणि सुमारे चाळीस टक्के जागा जाहिरातींना जाई. नव्या आदेशाप्रमाणे किंमत तीच ठेवायची तर चौतीस पानांची चोवीस करावी लागत होती, आणि पाने तीच ठेवायची तर अंक आठ नव्या पैशांना विकावा लागत होता. एका नव्या पैशाने काय होते, असे आज वाटेल; पण त्या काळी घरखर्चाच्या वहीत तोही लिहिला जाई, आणि किंमत वाढली की खप घटणार हे उघड होते.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मोठी पत्रे जाहिरातींच्या जोरावर कमी किमतीत जास्त पाने देतात आणि लहान पत्रांना जगू देत नाहीत, म्हणून ही तजवीज, असे सरकारचे म्हणणे होते. २५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा कायदा आणि आदेश घटनाबाह्य ठरवला. निकालपत्र न्या. मुधोळकरांनी लिहिले. व्यापारावर सार्वजनिक हितासाठी वाजवी बंधने घालता येतात. परंतु अभिव्यक्तीवरची बंधने घटनेच्या एकोणिसाव्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमात जी कारणे मोजून दिली आहेत तेवढ्यांपुरतीच घालता येतात, आणि वृत्तपत्र हा व्यवसायही आहे एवढ्या आधारावर मागल्या दाराने त्याच्या खपाला कात्री लावता येत नाही, हा त्याचा गाभा. जास्तीत जास्त वाचकांपर्यंत पोहोचणे हा बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, हे १९५० च्या रोमेश थापर खटल्यातले सूत्र येथे अधिक ठसठशीत झाले.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. कंपनीच्या अर्जाबरोबर ‘सकाळ’च्या दोन वाचकांचेही अर्ज न्यायालयापुढे होते. आपल्या पत्राची पाने घटू नयेत म्हणून वाचक दिल्लीपर्यंत गेले.

पुढे १९७२ मध्ये कागदाच्या धोरणातून दहा पानांची मर्यादा आली, तीही ‘बेनेट कोलमन’ खटल्यात रद्द झाली. त्यात न्या. मॅथ्यू यांचे भिन्नमत आहे. सगळ्या वाचकांना नाना मते वाचायला मिळावीत, हाही स्वातंत्र्याचा अर्थ आहे, या दिशेने ते जाते. निकाल बहुमताचा बरोबर होता असे मी मानतो. तरीही तालुक्यातली साप्ताहिके एकामागून एक मिटताना पाहिली की ते भिन्नमत आठवते.

जुळारी

मी एकतीस वर्षे छापखान्यात काढली, ‘सकाळ’मध्ये नव्हे, एका जिल्ह्याच्या दैनिकात. पानांचा हिशेब आम्ही हातांनी केलेला आहे, म्हणून लिहितो.

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, उभ्या केससमोर उभे राहून डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक धरायची आणि उजव्या हाताने खिळा उचलून उलटा लावत जायचा. अक्षर आरशातल्यासारखे दिसते, आणि ते तसेच वाचण्याची सवय डोळ्यांना लागते. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे. त्यामुळे इंग्रजी जुळाऱ्यापेक्षा आमच्या केसमध्ये घरे कितीतरी जास्त. रात्री एक वाजता मोठी बातमी आली की आधीच बांधलेला फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेले पान, सोडावा लागे. कोणती बातमी काढायची हे संपादक सांगत, पण किती ओळी निघतील हे आम्ही सांगत असू. पान म्हणजे लोखंडी चौकट होती. तिच्यात मावेल तेवढेच जग उद्या सकाळी लोकांना दिसणार, याची जाणीव त्या खोलीत प्रत्येकाला असे.

मग फोटो टाइपसेटिंग आले, ऑफसेट आले, संगणक आला. ऑफसेटमुळे वेग वाढला आणि छायाचित्र स्वच्छ दिसू लागले. जिल्ह्याजिल्ह्याला छपाई करून स्थानिक पाने देणे त्यामुळेच परवडू लागले. गठ्ठा पुण्याहून रात्रभर प्रवास करत यायचा, तो आता शेजारच्या शहरातून येऊ लागला. ‘सकाळ’सारख्या संस्थांच्या आवृत्त्या वाढल्या त्यामागे संपादकीय दूरदृष्टी असेलच, पण हे यंत्रही होते.

एक सल मनात आहे, तोही सांगतो. संगणक आला तेव्हा प्रत्येक छापखान्याचा मराठी फॉन्ट वेगळा होता. ‘क’ या अक्षराला एका फॉन्टमध्ये एक आकडा, दुसऱ्यात दुसरा. सुरुवातीची मराठी संकेतस्थळे पाहायची तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोड रुळल्यावर हा त्रास संपला, पण त्याआधीची वर्षानुवर्षांची मराठी बातमी जुन्या फायलींमध्ये अडकून पडली. शोध घ्यायला गेले तर ती सापडत नाही. आमच्या दैनिकाच्या १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांपेक्षा त्याआधीचे बांधीव अंक आज वाचायला सोपे आहेत. नव्या माध्यमात जाणाऱ्या प्रत्येक कंपनीने पहिला खर्च या जुन्या मजकुराच्या रूपांतरावर करायला हवा होता असे मला वाटते, कारण वृत्तपत्र कंपनीची खरी ठेव तीच आहे.

शिवारवाट

जुळारीकाका, आपला प्रतिसाद वाचून गहिवरलो. मी निफाड तालुक्यातला कांदा आणि द्राक्ष उत्पादक आहे. ‘अ‍ॅग्रोवन’विषयी लिहितो.

पूर्वी शेतीला दैनिकात आठवड्यातून एखादे पान मिळे, आणि तेही सणाची जाहिरात आली की उडे. रोज अख्खे पत्र शेतीचे, ही कल्पना २००५ मध्ये आमच्या गावात कोणालाच टिकेल असे वाटले नव्हते. शेतकरी पैसे देऊन रोज काय वाचणार, असे पारावर बोलले जाई. ते टिकले, कारण त्यात आमच्यासारख्याच माणसाचे शेत असे : किती एकर, कोणते वाण, किती फवारण्या, खर्च किती, हातात किती राहिले. माझ्या चुलत्यांनी अशा यशकथांची कात्रणे खताच्या रिकाम्या गोणीत जपून ठेवली आहेत. डाळिंबाच्या तेल्या रोगावरचा मजकूर तर गावात हातोहात फिरून चिंध्या झाला होता.

आता बाजारभावाचे सांगतो. लासलगावचा कालचा भाव आज सकाळी छापून येई, तेव्हा तो आमच्यासाठी ताजाच होता. आज लिलाव चालू असतानाच भाव मोबाइलवर येतो. भाव सांगणे हे छापील पत्राचे काम उरले नाही. भाव का पडला, निर्यातीवर काय बंधन आले, साठवणुकीचे काय करावे, हे मात्र अजूनही कोणीतरी जाणत्याने सांगावे लागते. यूट्यूबवर शेतीचे व्हिडिओ भरमसाट आहेत. त्यांत औषध विकणारा कोण आणि निव्वळ माहिती देणारा कोण हे ओळखणे अवघड जाते. छापील पानावर जाहिरात चौकटीत असायची. ती चौकट नव्या माध्यमातही राखावी, एवढेच माझे मागणे आहे, मग कंपनी कोणतीही असो.

म्हादईतीर

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे ‘गोमन्तक’ हा केवळ एका समूहाचा उपक्रम म्हणून कोणी पाहत नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि अवघ्या तीन महिन्यांनी, २४ मार्च १९६२ रोजी, चौगुले उद्योगसमूहाने हे मराठी दैनिक सुरू केले, बा. द. सातोसकर त्याचे पहिले संपादक. पोर्तुगीज राजवटीत सेन्सॉरच्या नजरेखालून छापणाऱ्या समाजाला रोजचे मोकळे पत्र मिळाले, त्याचा आनंद माझ्या आजीच्या बोलण्यात कायम असे.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी ‘गोमन्तक’ महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने आणि मराठीतलेच ‘राष्ट्रमत’ विरोधात, असा सामना झाला. घराघरांत दोन पत्रांवरून दोन तट पडले होते. कौल वेगळेपणाच्या बाजूने गेला. हा इतिहास मी यासाठी सांगते की पत्र म्हणजे त्या भूमीचे भांडणही असते. ते बाहेरून आणता येत नाही.

पुढे हे पत्र पुण्याच्या ‘सकाळ’कडे आले. तेव्हा गोव्यात अनेकांना काळजी वाटली होती आणि मीही त्यांत होते. मात्र एक गोष्ट नोंदवली पाहिजे : नाशिक-कोल्हापुरात ‘सकाळ’ आपल्याच नावाने गेला, गोव्यात मात्र ‘गोमन्तक’ हे नाव तसेच राहिले. पणजीची बातमी पुण्याच्या चष्म्यातून लिहिली तर गोव्यातला वाचक पहिल्या ओळीत ओळखतो. खाणी, म्हादईचे पाणी, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या सामाईक, जमिनी हे विषय येथे राहिल्याशिवाय कळत नाहीत. वाढीचा हाच मार्ग मला योग्य वाटतो, आणि संकेतस्थळाच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. सगळ्या आवृत्त्यांचा मजकूर एकाच पडद्यावर ओतला की गोव्याची बातमी मुंबईच्या सिनेबातमीखाली गाडली जाते.

पहाटलाइन

सर्वांचे मनापासून आभार. कलमवार यांनी खप हा अभिव्यक्तीचाच भाग असल्याचे सांगितले, त्यावरून २०२० आठवले.

टाळेबंदीत वर्तमानपत्राच्या कागदातून संसर्ग होतो अशी भीती पसरली. १८ एप्रिलच्या आदेशात राज्य सरकारने छपाईला मुभा ठेवली आणि घरोघरच्या वितरणाला मनाई केली. मग काही दिवसांत ती मनाई मुंबई, पुणे आणि प्रतिबंधित क्षेत्रांपुरती राहिली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. छापा, पण दारात टाकू नका, याचा अर्थ काय होतो हे एजन्सीच्या घरात वाढलेल्या माणसाला विचारावे. त्या काळात पत्रांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फुकट फिरू लागल्या. वाचक तुटू नये म्हणून सुरुवातीला अनेक पत्रांनीच त्या पाठवल्या. पुढे लोकांना सवय झाली आणि लाइन पुन्हा सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक इमारतीत चारदोन दारे कमी झाली होती. आमच्या गावात अंक टाकणाऱ्या नऊ मुलांपैकी परत आली ती चार.

म्हणजे १९६१ मध्ये ज्या हिशेबावर वाद झाला, त्यातल्या तिन्ही गोष्टी आता सुटल्या आहेत. पानांना मर्यादा उरली नाही, किंमत शून्यावर आली आणि जाहिरात गूगल-फेसबुककडे वळली.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो. येथे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये संकेतस्थळावर पैसे आकारायला सुरुवात केली, तेव्हा वाचक पळून जातील असेच बोलले जात होते. आज त्यांच्या उत्पन्नात वाचकाच्या वर्गणीचा वाटा जाहिरातीपेक्षा मोठा आहे. पाककृती, खेळ, शब्दकोडी यांची जोड देऊन त्यांनी हे साधले. २०२२ मध्ये त्यांनी ‘वर्डल’ हे कोडे विकत घेतले.

मात्र हा मासला मराठीला जसाच्या तसा लागू करू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. त्यांचा वाचक जगभर पसरलेला आहे आणि डॉलरमध्ये पैसे देतो. आमच्या मराठी मंडळातली माणसे मराठी पत्रे रोज पडद्यावर वाचतात, परंतु वर्गणी मागितली की दुसऱ्या फुकट संकेतस्थळाकडे वळतात. मी स्वतः दोन मराठी ई-पत्रांची वर्गणी भरतो. आपल्याकडे वाचकाला पैसे द्यायला लावण्याआधी असे काहीतरी द्यावे लागेल जे दुसरीकडे मिळत नाही, आणि मला तरी ते तालुक्याच्या बातमीखेरीज दुसरे दिसत नाही. माझ्या गावच्या बंधाऱ्याला पाणी आले का, हे मला येथे बसून इंग्रजीतून कोणी सांगणार नाही.

शिवारवाट

हडसनकाठ, पूर्ण सहमत. पण ती बातमी आणणाऱ्याला पैसे कोण देते, हे पहाटलाइन यांनी सांगावे. त्यांच्या घरात ते पाहिलेले असणार.

पहाटलाइन

शिवारवाटभाऊ, योग्य जागी बोट ठेवलेत.

तालुक्यात एजंट, वार्ताहर आणि जाहिरात गोळा करणारा हा बहुधा एकच माणूस असतो. वडील तिन्ही होते. बातमीचे मानधन इतके किरकोळ असे की आई ते वेगळे मोजतच नसे; घर चालायचे ते अंकांच्या कमिशनवर. वडील दुपारी बातमी लिहीत, खाकी पाकिटात घालत आणि संध्याकाळच्या गाडीच्या वाहकाकडे देत. वर लाल शाईने ‘बातमीचे पाकीट’ असे लिहिलेले असे. ज्या एसटीतून पहाटे गठ्ठे येत, तिच्याच परतीच्या फेरीने गावाची बातमी शहरात जाई. एकदा पाणीयोजनेच्या निकृष्ट कामाची बातमी त्यांनी दिली, तेव्हा त्या कंत्राटदाराने पत्राची दिवाळी जाहिरात बंद करण्याची धमकी दिली. बातमी छापून आली आणि जाहिरात गेली. त्या वर्षीचे जाहिरातीचे कमिशन आम्हाला मिळाले नाही, पण अंकांचे कमिशन चालू होते, म्हणून वडिलांना ते झेपले.

आता अंकांचे कमिशन आटले आहे. वार्ताहराचा उदरनिर्वाह जाहिरातीवर आला आहे, आणि आमच्या तालुक्यात जाहिरात देणारे म्हणजे पुढारी, पतसंस्था आणि कंत्राटदार. वाढदिवसाच्या पुरवण्या मोठ्या होत गेल्या त्यामागे हेच कारण आहे. कोणत्याही कंपनीने वाहिनी काढली, अ‍ॅप काढले, तरी पाकीट भरणाऱ्या माणसाची सोय त्यात कुठे आहे, हे मी सगळ्यात आधी पाहतो.

येथील सभासदांना विनंती आहे की आपापल्या तालुक्यात आज पूर्णवेळ, पगारी वार्ताहर नेमलेला आहे का, आणि असल्यास तो कोणत्या माध्यमाचा आहे, हे तालुक्याच्या नावासह नोंदवावे. व्यक्तीचे नाव देऊ नये. माझ्या तालुक्यापासून सुरुवात करतो : एकही नाही.